दुखणे मनाचे, उपेक्षा देहाची

व्यापारी घराण्यांत वडीलधाऱ्यांच्या प्रकृतीची काळजी घेण्याची एक चांगली रीत आता रूढ झाली आहे. पन्नाशी उलटली की वर्षातून एकदा रक्ताची तपासणी होते. साखर आणि रक्तदाब यांचे आकडे घरातल्या प्रत्येकाला पाठ असतात. दिवसभर गादीवर बसणाऱ्या काकांना सायंकाळी फेरफटका मारायला पाठवण्याचे काम सुना-नातवंडांनी वाटून घेतलेले असते. त्याच घरात एखादा मुलगा, एखादा दीर किंवा थोरली बहीण वर्षानुवर्षांच्या मानसिक आजाराने घरी बसून असेल, तर तिच्याविषयी मात्र दिवसाकाठी एकच प्रश्न विचारला जातो : "गोळी घेतली का?" गोळी घेतली असे कळले की घर निश्चिंत होते. तिचे वजन गेल्या काही वर्षांत किती वाढले, जिना चढताना धाप का लागते, कमरेचे माप कुठवर गेले, याची नोंद कोणत्याच वहीत होत नाही.

त्या न झालेल्या नोंदीविषयी आज वाचकांशी बोलावयाचे आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने वारंवार सांगितलेली एक गोष्ट प्रत्येक कुटुंबाने जाणून घ्यावी अशी आहे. स्किझोफ्रेनिया, बायपोलर म्हणजे उन्माद आणि नैराश्य आलटून-पालटून येणारा आजार, अशा गंभीर मानसिक आजारांनी ग्रासलेल्या व्यक्तींचे आयुष्य इतरांच्या मानाने सुमारे 10 ते 20 वर्षांनी कमी भरते. आत्महत्येने होणारे मृत्यू यात आहेत आणि ते दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. परंतु या अकाली मृत्यूंपैकी बहुसंख्य मृत्यू हृदयविकार, मधुमेह, श्वसनाचे विकार अशा शारीरिक रोगांनी होतात, आणि त्यांतील पुष्कळसे टाळता येण्याजोगे असतात. ज्या मनाच्या काळजीने घर रात्री जागून काढते, ते मन उपचारांनी सावरते. आणि ज्या हृदयाकडे कोणी पाहिलेच नाही, ते वेळेआधी थकते.

हा प्रश्न मोजक्या घरांचा आहे, असे कोणी समजू नये. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने 2015-16 मध्ये देशातील 12 राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात प्रौढांपैकी सुमारे 0.8 टक्के व्यक्ती त्या वेळी गंभीर मानसिक आजाराने ग्रस्त आढळल्या. म्हणजे सव्वाशे माणसांमागे एक. दोन हजार माणसांच्या आपल्या एखाद्या स्नेहसंमेलनात या हिशेबाने पंधरा-सोळा जण असावयास हवेत. ते दिसत नाहीत, कारण त्यांना तेथे आणलेलेच नसते.

वजन वाढते ते का?

याची कारणे तीन आहेत आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत.

पहिले कारण औषध. ओलान्झापिन, क्लोझापिन यांसारखी औषधे अनेक रुग्णांचे आयुष्य अक्षरशः परत मिळवून देतात. पण त्यांनी भूक वाढते, पोट भरल्याची जाणीव उशिरा होते आणि शरीराचा साखर-चरबीचा मेळ बिघडतो. वजनाची ही वाढ उपचार सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांतच सर्वांत वेगाने होते. "एवढा बरा झाला, आता थोडा अंगानेही भरला" असे म्हणून घर ज्या बदलाचे कौतुक करते, तोच पुष्कळदा मधुमेहाचा आरंभ असतो.

दुसरे कारण आजार. भास आणि संशय ही स्किझोफ्रेनियाची ठळक लक्षणे आपल्याला दिसतात, कारण त्यांनी घर हादरते. परंतु त्याच आजाराची काही लक्षणे मूक असतात. उत्साह आटणे, भावना बोथट होणे, कोणतीही गोष्ट आपणहून सुरू न करता येणे, ही ती लक्षणे होत. औषधाने भास थांबले तरी ही लक्षणे बरीच वर्षे रेंगाळतात. गंभीर मानसिक आजार असलेल्या हजारो व्यक्तींच्या हालचालींची मोजदाद एकत्र करून 2017 साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. अशा व्यक्ती जागेपणाचे रोज सरासरी जवळजवळ आठ तास बसून काढतात, असे त्यात आढळले.

तिसरे कारण घर. आपल्याकडे माया ताटातून व्यक्त होते. बिचाऱ्याच्या आयुष्यात दुसरे सुख काय, या भावनेने आई एक फुलका जास्त वाढते आणि दुपारच्या चहाबरोबर फरसाणाची वाटी पुढे करते. काम सांगावे तर तो बिघडवील, बाहेर पाठवावे तर लोक विचारतील, म्हणून त्याला सर्व कामांतून मुक्त केले जाते. उरते काय? पलंग, दूरदर्शन संच, मोबाइल आणि दोन जेवणांमधला रिकामा वेळ.

येथेच एक इशारा स्पष्ट शब्दांत देणे आवश्यक आहे. वजन वाढते म्हणून औषध स्वतःच्या मनाने कमी करू नये, बंद तर मुळीच करू नये. असे केल्याने आजार पुन्हा उसळतो आणि प्रत्येक उसळीनंतर सावरणे अधिक कठीण होत जाते. वजनाची तक्रार मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावी. औषध बदलणे, मात्रा बदलणे किंवा वजन आवरण्यासाठी मेटफॉर्मिनसारखे दुसरे औषध जोडणे हे मार्ग त्यांच्यापाशी असतात. व्यायाम औषधाच्या जोडीला चालतो, त्याच्या जागी बसत नाही.

याला आळस म्हणू नये

उद्योगी घरात आळस हा मोठा दोष मानला जातो. पहाटे उठून दुकानाची कुलुपे उघडणाऱ्या वडिलांना दहा वाजेपर्यंत झोपलेला तिशीचा मुलगा पाहवत नाही. "बैठक मोडून जरा चाल, म्हणजे सगळे ठीक होईल," हा उपदेश सद्भावनेनेच केला जातो. पण तो ऐकणाऱ्याच्या अंतरंगात काय चालले आहे, हे समजून घेतले पाहिजे.

निरोगी माणसाला इच्छा झाली की तिच्यामागून कृती येते. चप्पल घालावी, दार उघडावे, पाऊल टाकावे, या साखळीचा आपल्याला पत्ताही लागत नाही. या आजारात ती साखळीच मधे तुटते. चालायला जावे असे त्याला खरोखर वाटते, आणि तरीही तो पलंगाच्या कडेला तासभर बसून राहतो. त्यात रात्रीच्या औषधाची गुंगी सकाळी उशिरापर्यंत उतरलेली नसते. काही औषधांनी हातपाय जड आणि ताठर होतात. कोणाला रस्त्यावरचे प्रत्येक माणूस आपल्याकडेच पाहत आहे असे वाटते. अशा व्यक्तीला इच्छाशक्ती वाढव म्हणून सांगणे हे पाय मोडलेल्याला धावायला सांगण्यासारखे आहे, कारण मोडलेली वस्तू तीच आहे.

म्हणून या आजारातील व्यायामाचा पहिला नियम असा सांगता येईल : आरंभ करण्याची शक्ती रुग्णाने आणावयाची नसते, ती काही काळ दुसऱ्याने उसनी द्यावयाची असते. सांगून पाऊल उचलत नाही. सोबत चालणारे कोणी असले की उचलते. जगात ठिकठिकाणी झालेल्या प्रयोगांचे सारही जवळजवळ हेच आहे.

तीन ठिकाणचे अनुभव

अमेरिकेतील मेरीलँड राज्यात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या डॉ. गेल डॉमिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला. गंभीर मानसिक आजार असलेले आणि वजन जास्त असलेले 291 जण त्यात होते. अर्ध्याहून अधिक जणांना स्किझोफ्रेनिया किंवा त्याच्या जवळचा आजार होता, आणि सरासरी वजन शंभर किलोंच्या वर होते. एरवीच्या कसोट्यांत अशा रुग्णांना वगळले जाते. येथे मुद्दाम त्यांनाच घेतले. ज्या दहा पुनर्वसन केंद्रांत ते नेहमी येत, तेथेच त्यांच्यासाठी सामूहिक व्यायाम आणि आहाराचे वर्ग भरवले. सूचना मोजक्या आणि सोप्या होत्या : साखरेची पेये सोडा, फळे-भाज्या वाढवा, ताटात कमी घ्या, नियमाने अंग हलवा. व्यायामाचा जोर हळूहळू वाढवत नेला. दीड वर्षानंतर या गटाचे वजन तुलनेच्या गटापेक्षा सरासरी 3.2 किलोंनी अधिक घटले होते. शंभर किलोंत तीन किलो हा आकडा लहान वाटेल. पण त्यातील एक बारकावा लक्षणीय आहे. सर्वसाधारण लोकांत वजन पहिल्या सहा महिन्यांत उतरते आणि मग पुन्हा चढू लागते. येथे ते सहा महिन्यांनंतरही उतरतच राहिले. या माणसांना वेळ जास्त लागला, पण धरलेला मार्ग त्यांनी सोडला नाही. व्याजाचे गणित जाणणाऱ्या वाचकांना या संथ वाढीचे मोल वेगळे सांगावयास नको.

दुसरा अनुभव ऑस्ट्रेलियातील सिडनीचा. तेथील बाँडाय उपनगरातील केंद्रात डॉ. जॅकी कर्टिस यांच्या गटाने आजार पहिल्यांदाच उद्भवलेल्या तरुणांकडे लक्ष वळवले. वजन वाढल्यावर उतरवण्यापेक्षा ते वाढूच देऊ नये, हा त्यांचा विचार. औषध सुरू झाल्याबरोबर बारा आठवड्यांचा कार्यक्रम आखला. त्यात परिचारिका, आहारतज्ज्ञ आणि व्यायामतज्ज्ञ होते, तसेच स्वतः या आजारातून गेलेले आणि आता सावरलेले तरुण मार्गदर्शकही होते. व्यायामशाळा उपचारकेंद्रातच होती. स्वयंपाकही एकत्र शिकवला जाई. बारा आठवड्यांनी या तरुणांचे वजन सरासरी 1.8 किलोंनी वाढले होते. नेहमीचेच उपचार घेणाऱ्या तरुणांचे मात्र 7.8 किलोंनी. पहिल्यांची कमर जवळजवळ होती तेवढीच राहिली, दुसऱ्यांची सात सेंटिमीटरने वाढली. रुग्णांची संख्या लहान होती हे खरे. परंतु उपचाराच्या पहिल्याच तीन महिन्यांत किती गमावले जाते आणि किती राखता येते, हे त्यातून कळते.

तिसरा अनुभव आपल्या देशातला. निम्हान्स संस्थेतील डॉ. जगदीश तीर्थहळ्ळी, डॉ. बी. एन. गंगाधर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्किझोफ्रेनियाच्या 61 रुग्णांवर केलेला अभ्यास 2007 साली प्रसिद्ध झाला. औषधे सर्वांची चालूच होती. काहींना त्यांच्या जोडीला योगोपचार दिले, काहींना साधा शारीरिक व्यायाम. चार महिन्यांनी दोन्ही गटांत सुधारणा दिसली. योगाच्या गटात ती अधिक होती, विशेषतः वर सांगितलेल्या मूक लक्षणांत, म्हणजे आटलेल्या उत्साहात आणि माणसांत मिसळण्याच्या बाबतीत. औषधांना जी लक्षणे सहसा दाद देत नाहीत, त्यांच्यावर अंगमेहनतीने व आसनांनी काही अंशी मात करता येते, ही आशा या अभ्यासाने दिली.

याला आणखी एका आढाव्याची जोड आहे. इंग्लंडमधील मँचेस्टर येथील संशोधक जोसेफ फर्थ यांनी 2015 साली स्किझोफ्रेनियातील व्यायामावरचे अनेक अभ्यास एकत्र तपासले. आठवड्याला सुमारे 90 मिनिटे, दम लागेल इतक्या जोमाचा व्यायाम केलेल्या रुग्णांत मनाची लक्षणेही उणावली होती. नव्वद मिनिटे म्हणजे आठवड्यातून तीन वेळा अर्धा तास. या विषयावरच्या अभ्यासांतून आणखी एक गोष्ट पुढे आली आहे. जेथे जाणकार माणूस प्रत्यक्ष उभा राहून व्यायाम करून घेतो, तेथे रुग्ण तो मधेच सोडून देण्याचे प्रमाण कमी असते. हातात कागद देऊन घरी पाठवले तर तो कागद खिशातच राहतो.

सुरुवात कशी करावी

आपल्या गावी असे केंद्र नसेल, पण घर आहे. आणि एकत्र कुटुंबासारखी सोय कोणत्याही केंद्रात नाही. काही गोष्टी पाळाव्यात.

आधी तपासणी करावी. वजन, कमरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटी साखर आणि रक्तातील चरबी एवढे तरी नोंदवून घ्यावे. भारतीय पुरुषाची कमर 90 सेंटिमीटर आणि स्त्रीची 80 सेंटिमीटर यांच्या पुढे गेली, तर ती धोक्याची खूण समजावी. नवे औषध सुरू झाले असेल तर पहिले काही आठवडे दर आठवड्याला वजन करावे. छातीत दुखते, चक्कर येते, अशी तक्रार रुग्णाने केली तर "त्याला असे भासच होतात" म्हणून ती उडवून लावू नये. मनाचा आजार असलेल्याचे हृदयही दुखू शकते. पुष्कळांचे निदान याच एका गैरसमजापायी लांबते.

वेळ त्याच्या सोयीची असावी. घराला पहाट प्रिय असेल; पण रात्रीच्या औषधाची गुंगी असलेल्याला पहाटे उठवून मैदानावर नेणे हे अपयशाला आमंत्रण आहे. सकाळी दहा किंवा सायंकाळी पाच हीही चालण्याची वेळच आहे. घरात पाच माणसे असतील तर पाळी लावावी : सोमवारी काका, बुधवारी भाचा, शुक्रवारी वहिनी. एकट्या वृद्ध आईवर सगळा भार टाकू नये. आणि ज्याची पाळी असेल त्याने दारात उभे राहून "जाऊन ये" म्हणू नये; स्वतःची चप्पल आधी घालावी.

अंतर लहान असावे. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटे चालणे झाले तरी पुरेसे मानावे. कोपऱ्यावरच्या पिंपळापर्यंत जाऊन परत येणे, एवढेच. दुसऱ्या आठवड्यात आणखी दोन मिनिटे. चालताना बोलता येईल पण गाता येणार नाही, इतपत दम लागला की वेग योग्य आहे असे समजावे. अंतिम लक्ष्य सर्वांसाठी आहे तेच : आठवड्याला 150 मिनिटे. ते सहा महिन्यांनी गाठले तरी हरकत नाही, आणि कधी गाठले नाही तरी मधली मिनिटे वाया गेलेली नसतात. काहीच न करण्यापेक्षा थोडे केलेले शरीराला निश्चित लाभते.

चालण्याला हेतू असावा. नुसते गोल फिरणे अनेकांना निरर्थक वाटते. दूध आणणे, मंदिरात किंवा स्थानकात पायी जाणे, शेजारच्या गल्लीतल्या दुकानी बिल पोहोचवणे यांत चालणेही होते आणि आपण घराच्या उपयोगी पडलो असे समाधानही मिळते. गोदामात माल मोजणे, खोकी रचणे, फळीवरचे डबे लावणे हाही उत्तम व्यायाम आहे. चूक होईल म्हणून काम काढून घेण्यापेक्षा, चूक झाली तरी निभावेल असे काम शोधून द्यावे.

घरातील आजारी स्त्रीचा विचार वेगळा करावा लागतो. वाढलेल्या वजनावरून तिला टोमणे ऐकावे लागतात, आणि बाहेर पडण्याची मोकळीक मात्र तिला सर्वांत कमी असते. जावेने किंवा नणंदेने सोबत केली तर गच्चीवर वीस मिनिटे चालता येते. जिने चढणे-उतरणे, खुर्चीवरून हातांचा आधार न घेता दहा वेळा उठणे, ही घरातल्या घरात करता येणारी स्नायूंची कामे आहेत.

आणि रोजमेळ ठेवावा. लहानशी वही पुरे. तारीख, किती मिनिटे, सोबत कोण, मन कसे होते. ही वही रुग्णानेच लिहावी. शिल्लक रोज पडेल असे नाही. खाडे होतील, आजार उसळला तर महिनाभर पान कोरे राहील. कोऱ्या पानावरून बोलू नये. पुन्हा पाच मिनिटांपासून आरंभ करावा.

औषधे, ऊन आणि उपवास

या भागाकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे, कारण आपल्या आचारांशी त्याचा सरळ संबंध येतो.

बायपोलर आजारात लिथियम हे जुने आणि गुणकारी औषध दिले जाते. त्याची रक्तातील मात्रा नेमकी राहावी लागते. शरीरातील पाणी किंवा मीठ कमी झाले की ती मात्रा वाढते, आणि वाढलेले लिथियम विषासारखे काम करते. हात जोराने थरथरणे, उलट्या-जुलाब, तोल जाणे, जीभ जड होणे ही त्याची लक्षणे. ती दिसताच तत्काळ रुग्णालय गाठावे. लिथियम घेणाऱ्याने म्हणूनच उन्हात घाम गाळणारा व्यायाम टाळावा, चालण्याच्या आधी आणि नंतर पाणी प्यावे, आणि निर्जळी उपवास करू नये. चौविहार पाळणाऱ्या घरांत झोपतानाच्या गोळीचा आणि तिच्यासोबतच्या पाण्याचा प्रश्न येतो. तो आधीच डॉक्टरांना आणि आपल्या गुरुजनांना मोकळेपणाने विचारून सोडवावा. गोळी चुकवून सोडवू नये. आजारी व्यक्तीला सवलत देण्याची दृष्टी आपल्या परंपरेत आहे. पर्युषणात घरातील सर्वांनी अठ्ठाई केली म्हणून त्यानेही करावी असा आग्रह धरू नये, आणि त्याने उत्साहाने मागितली तरी डॉक्टरांना विचारल्यावाचून होकार देऊ नये. भुकेपेक्षा दोन घास कमी खाण्याची ऊनोदरी हेही तपच आहे, आणि वजन वाढवणारे औषध घेणाऱ्याला तेच अधिक हितकारक आहे.

इतर औषधांविषयीही काही सांगावयाचे आहे. काही औषधांनी घाम कमी येतो आणि अंग तापते, म्हणून वैशाखातील दुपार वर्ज्य. काहींनी एकदम उठल्यावर रक्तदाब उतरतो, म्हणून वाकून झटकन उभे राहण्याचे सूर्यनमस्कार सावकाश घालावेत किंवा आरंभी टाळावेत. काही औषधांनी पायांत अशी अस्वस्थता येते की माणूस येरझारा घालत राहतो. तो व्यायाम नव्हे, दुष्परिणाम आहे. तो डॉक्टरांच्या कानावर घालावा. बायपोलरचा रुग्ण अचानक रात्री बारा वाजता धावायला निघाला, दिवसाला तीन-तीन तास व्यायाम करू लागला, झोप कमी झाली, तर कौतुक करू नये. ती उन्मादाची चाहूल असू शकते. त्या वेळी व्यायाम कमी करून डॉक्टरांना भेटावे.

आसने व सौम्य श्वसनाचे प्रकार सहसा लाभतात, पण ते जाणत्या शिक्षकाकडून आणि आजाराची कल्पना देऊन शिकावेत. अनेक दिवसांची मौनातील ध्यानशिबिरे हा मात्र वेगळा विषय आहे. अशा शिबिरांनंतर आजार उसळल्याची उदाहरणे वैद्यकीय लिखाणात नोंदलेली आहेत. मन शांत होईल म्हणून नातलगाला परस्पर तेथे पाठवू नये.

लपवण्याची किंमत

आता जे सांगावयाचे ते थोडे कटू आहे. आपल्या समाजात व्यवहार शब्दावर चालतो, आणि शब्द घराण्याच्या नावावर. घरात मानसिक आजार आहे हे कळले तर धाकट्या मुलीचे लग्न अडेल, पेढीच्या पतीला धक्का लागेल, ही भीती काल्पनिक नाही. अनेकांनी ती सोसली आहे. म्हणूनच आजारी माणसाला वरच्या मजल्यावरच्या खोलीत ठेवले जाते. पाहुणे आले की दार लोटून घेतले जाते. औषधेसुद्धा दुसऱ्या गावाहून आणली जातात.

या लपवण्याची किंमत कोण देते, याचा हिशेब मात्र मांडला जात नाही. जो रस्त्यावर दिसता कामा नये, तो चालणार कोठे? ज्याच्या आजाराचे नाव घ्यावयाचे नाही, त्याला सोबत कोण करणार? वरच्या मजल्यावरची खोली घराची अब्रू राखत असेल. त्या खोलीत एक हृदय मात्र वर्षानुवर्षे झिजत असते. घर ज्याला सांभाळले म्हणते, त्याची दहा-वीस वर्षे अशा बंद दारांमागेही हरवलेली असतात.

सर्वांना सर्व सांगावे, असे येथे सुचवावयाचे नाही. आरंभ छोटा असू शकतो. घरातल्या दोन तरुणांना आजाराचे नाव सांगावे आणि ते समजावून द्यावे. एका विश्वासू शेजाऱ्याला सांगावे. आपल्या संघात किंवा मंडळात चालण्याचा गट असेल, तर त्यात "हा माझा भाऊ, औषधांमुळे जरा हळू चालतो" एवढ्या परिचयावर त्याला सामील करून घ्यावे. असा गट नसेल तर मंडळाच्या तरुणांनी तो सुरू करावा, आणि मागे राहणाऱ्याबरोबर मागे चालण्यासाठी एकाची नेमणूक करावी. पुण्यात डॉ. जगन्नाथ वाणी यांनी स्थापन केलेली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था रुग्ण व त्यांचे नातेवाईक यांच्यासाठी काम करते. अशा ठिकाणी गेल्यावर आपण एकटे नाही हे कुटुंबांना प्रथमच उमगते. सल्ला हवा असेल तर केंद्र सरकारची टेलिमानस ही 14416 क्रमांकाची मोफत दूरध्वनी सेवा आहे.

रुग्णाची सेवा, म्हणजे वैयावृत्त्य, हे आपल्याकडे आभ्यंतर तपांत गणले आहे. ती सेवा औषध देण्यापाशी संपते असे मानण्याचे कारण नाही. येत्या सोमवारी दुकान वाढवल्यावर घरी जाल, तेव्हा "गोळी घेतली का" हा नेहमीचा प्रश्न जरूर विचारा. मग त्याच्या चपला त्याच्या पलंगाशी नेऊन ठेवा आणि म्हणा : "चल, कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ. मलाही चालायचे आहे." तो पहिल्या दिवशी येणार नाही, कदाचित चौथ्या दिवशीही नाही. आठव्या दिवशी येईल, आणि त्या दिवशी वहीत पहिली नोंद होईल : पाच मिनिटे.